खाडीचा गाळ आणि धसईची गिरणी

माझी मुलगी नुकती रांगायला लागली होती, तेव्हा एका दुपारी माझं ऑफिस टेम्पोतून घरी आलं. एक कॉम्प्युटर, त्याचा जाडजूड मॉनिटर, एक छोटा यूपीएस आणि गोणपाटात गुंडाळलेले प्लास्टिकचे काही डबे. डब्यांमध्ये कोकणातल्या एका खाडीचा चिखल होता. टेम्पोवाल्याने ते पडवीत उतरवले आणि नाक चोळत विचारलं, "ह्यात सुकट हाय का?"

"चिखल आहे," मी म्हटलं.

त्याने एकदा डब्यांकडे आणि एकदा अंगणाकडे बघितलं. आमच्या दारासमोर, शेतात, वाटेवर, सगळीकडे चिखलच होता. पाऊस अजून पुरता संपलेला नव्हता. मुंबईहून इथे चिखल मागवणारी सून त्याने पहिल्यांदाच पाहिली असावी.

आमचं गाव शहापूर तालुक्यात, मुरबाडच्या अंगाला. नवरा ठाण्याला कारखान्यात होता, तो आसनगावहून पहाटेची लोकल पकडायचा आणि दिवेलागणीनंतर परत यायचा. सासरे आमच्या लग्नाच्या आधीच गेले होते. दिवसभर घरात मी, मुलगी आणि सासूबाई. मी त्यांना आईच म्हणायचे. भातशेती त्या स्वतः बघायच्या आणि कुठलीही नवी गोष्ट लगेच चांगली किंवा लगेच वाईट म्हणायच्या नाहीत. आधी चार दिवस तिच्याकडे बघत राहायच्या.

कॉम्प्युटर कुठे ठेवायचा यावर त्यांनी घरभर फिरून विचार केला. शेवटी माजघरात, भाताच्या कणगीशेजारी जागा काढली, कारण तिथे गारवा होता आणि मुलीचा हात पोचत नव्हता. सगळ्या वायरी जोडून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ह्यो काय करतो गो?"

"पाण्यातला गाळ कुठे जाईल ते सांगतो."

"आनि ते कळून काय करायचं?"

हा प्रश्न मला इंटरव्ह्यूमध्येही इतका सरळ कुणी विचारला नव्हता.

मी भातसानगरच्या कॉलनीत वाढले. वडील धरणावर कामाला होते. सुट्टीच्या दिवशी ते पाण्याची पातळी बघायला निघाले की मी मागे लागायचे. पावसाळ्यात ओढ्यांचं तांबडं पाणी धरणात शिरायचं, थोडं अंतर तसंच तांबडं राहायचं आणि मग कुठेतरी विरून जायचं. आत गेलेली माती नेमकी कुठे जाऊन बसते, हे मी वडिलांना इतक्यांदा विचारलं की शेवटी ते म्हणाले, तू शिक आणि तूच शोध. मी सिव्हिल इंजिनीअर झाले आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी मुंबईतल्या एका छोट्या सल्लागार कंपनीत लागले. बंदरात, खाडीत बोटींसाठी पाणी खोल करायचं असलं की ड्रेजर लावून तळाचा गाळ उपसतात. उपसताना त्यातला काही गाळ पाण्यात मिसळतो आणि प्रवाहाबरोबर पसरत जातो. तो किती लांब जाईल, किती दाट असेल, किती वेळ टिकेल, हे काम सुरू होण्याआधी गणिताने काढून द्यायचं, हे माझं काम. बाळंतपणानंतर रोज मुंबईला जाणं शक्य नव्हतं, म्हणून साहेबांनीच सुचवलं होतं की घरी बसून कर, आकडे आणि निकाल सीडीवर घालून नवऱ्याबरोबर पाठव.

आईंना मी आमच्या शेताचं उदाहरण दिलं. खाडीचा नकाशा घ्यायचा आणि त्याचे खाचरांसारखे तुकडे पाडायचे. प्रत्येक खाचरात पाणी किती, गाळ किती, हे लिहायचं. मग एका खाचरातून शेजारच्या खाचरात किती पाणी जातं आणि बरोबर किती गाळ नेतं, तो हिशोब करायचा. सगळ्या खाचरांचा झाला की घड्याळ थोडं पुढे न्यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून तेच.

"असं किती वेळा?"

"लाखो वेळा. म्हणून हे यंत्र लागतं."

"आनि त्या खाडीत कोन हाय? कोनाचं काय बिघडंल?"

मग मी त्यांना सांगितलं. खाडीच्या तोंडाशी लहान धक्का बांधत होते, बोटींना जायला वाट खोल करायची होती. आतल्या बाजूला ओहोटीला उघडा पडणारा एक सपाट पट्टा होता. तिथे गावातल्या बायका चिखलातल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचायच्या आणि बाजारात विकायच्या. गाळाचा जाड थर बसला तर तिसऱ्या गुदमरून मरतात. त्या बायकांनी काम अडवून धरलं होतं. आमचा पट्टा वाचेल असं कुणीतरी लिहून द्या, मग खोदा, एवढंच त्यांचं म्हणणं.

"बराबर हाय त्यांचं," आई म्हणाल्या. त्या दिवसापासून कॉम्प्युटरला घरात स्थान मिळालं.

सगळ्यात आधी गाळ किती वेगाने खाली बसतो ते बघायचं होतं. ऑफिसातून एक उंच पारदर्शक नळी आली होती. ती मी माजघरातल्या खांबाला सुतळीने बांधली, त्यात पाणी भरलं, डब्यातला चिखल कालवून ओतला. ते पाणी दोन दिवस चहासारखं गढूळ राहिलं. आई येता-जाता बघायच्या. तिसऱ्या दिवशी मी खाडीच्या पाण्याइतकं मीठ घालून पुन्हा तोच प्रयोग करायला घेतला आणि स्वयंपाकघरातल्या डब्यातलं मीठ कमी पडलं. आईंनी बरणीतलं खडे मीठ आणून दिलं.

मिठाच्या पाण्यात गाळाचे बारीक कण एकमेकांना चिकटतात. त्यांचे मऊ, कापसासारखे पुंजके होतात आणि ते लवकर खाली येतात. नळीत ते डोळ्यांना दिसत होतं. संध्याकाळपर्यंत वरचं पाणी निवळत आलं. आई नळीसमोर पाट टाकून बसल्या, मांडीवर मुलगी. दोघी कितीतरी वेळ ते पुंजके खाली उतरताना बघत होत्या.

"मिठानं धरून बसतात व्हय एकमेकांना," आई म्हणाल्या. शेजारणी आल्या की त्या आता आधी त्यांना नळी दाखवायच्या आणि मग चहा ठेवायच्या.

खरी अडचण पुढे आली. भरती-ओहोटी रोज सारखी नसते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला जोर असतो, अष्टमीच्या आसपासच्या भांगाला कमी. त्यामुळे निदान पंधरवड्याच्या भरत्या आणि ओहोट्या खाचरांच्या त्या हिशोबात, म्हणजे मॉडेलमध्ये, चालवून बघायला हव्यात. असा एक पंधरवडा चालवायला आमच्या कॉम्प्युटरला सकाळपासून जवळजवळ संध्याकाळ व्हायची. आणि त्या वर्षी आमच्याकडे लाइट सलग इतका वेळ राहायचीच नाही. लोडशेडिंगचं वेळापत्रक असायचं, पण ते पाळलं जायचंच असं नाही. यूपीएस दहा-बारा मिनिटं तग धरायचा, पीं पीं करायचा आणि बंद पडायचा. आमच्याकडचा प्रोग्राम जुना होता. मध्येच थांबवून पुढे चालू करायची सोय त्यात नव्हती. लाइट गेली की पंधरवडा पुन्हा पहिल्या भरतीपासून.

मी पहाटे सुरू करून बघितलं, दुपारी सुरू करून बघितलं. नकाशाचे तुकडे मोठे करून वेळ वाचवला, तर तिसऱ्यांचा पट्टा दोनच चौकोनांत मावायला लागला. त्यातून कुणाला काय सांगणार? साहेब फोनवर समजूतदारपणे बोलायचे, पण अहवालाची वाट खाडीवरचे लोकही बघत होते. असे बरेच दिवस गेले. भात कापून झालं, झोडून झालं. एकदा दुपारी यूपीएसचं पीं पीं संपून घर शांत झालं, तेव्हा मी खुर्चीतच बसून राहिले. आई अंगणातून आत आल्या.

"गेली?"

"गेली. अर्धं झालं होतं."

त्यांनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "माझ्या भावाकडं नेऊ या ना ह्याला."

आईंच्या धाकट्या भावाची धसईला भाताची गिरणी होती. सुगीनंतर तिथे भात भरडायला रांग लागायची आणि लाइटच्या भरवशावर धंदा होत नाही म्हणून मामांनी मोठा डिझेल जनरेटर घेतला होता. गिरणी सकाळी सुरू झाली की अंधार पडेपर्यंत चालायची. मला हे सुचलं नव्हतं, कारण कॉम्प्युटर घराबाहेर न्यायचा विचारच माझ्या डोक्यात आला नव्हता.

दोन दिवसांनी आम्ही निघालो. मुरबाडपर्यंत एक जीप, तिथून धसईची दुसरी. मॉनिटर गोधडीत गुंडाळून आईंच्या मांडीवर, मुलगी माझ्या मांडीवर, बाकीचं सामान पायाशी. बाजाराचा दिवस होता. एका बाईने भाजीची पाटी सावरत विचारलं, "टीव्ही घेतला काय?"

"नाय," आई म्हणाल्या, "सुनेचं हापीस हाय."

गिरणीत पोचलो तेव्हा मामा जनरेटरच्या पट्ट्याला राळ लावत होते. अंगभर कोंडा, भुवयासुद्धा पांढऱ्या. आईंनी त्यांना फोनवर काय सांगितलं होतं कोण जाणे. त्यांनी बाजूची छोटी खोली झाडून ठेवली होती, पोती हलवून टेबल लावलं होतं आणि खिडकीच्या फटींत कोंडा येऊ नये म्हणून ओल्या फडक्याच्या पट्ट्या कोंबल्या होत्या.

"बाय म्हनाली समुद्राचं काम हाय," ते मला म्हणाले. "आमी समुद्राचं काम कदी केलं नाय. पन तू सांगशील तसं करू."

मी त्यांना एवढंच सांगितलं की एकदा सुरू झालं की संध्याकाळपर्यंत वीज तुटता कामा नये. ते म्हणाले, मोटर सुरू करताना व्होल्टेज पडतं, दिवे डोळा मारतात. तेवढं यूपीएस सांभाळून घेईल, मी म्हटलं. पण डिझेल भरायला दुपारी जनरेटर थांबवावा लागतो. किती वेळ? मामांनी मान हलवून अंदाज घेतला. "पाच-सात मिनटं. पट्टा सटकला तर जास्त."

"तर पट्टा सटकू द्यायचा नाय," आई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी जनरेटर धडधडला आणि मी मॉडेल सुरू केलं. टेबल थरथरत होतं, पण चालत होतं. पडद्यावर खाडीचा नकाशा, निळं पाणी, ड्रेजरच्या जागी एक लाल ठिपका. थोड्या वेळाने त्या ठिपक्यातून पिवळट ढग निघाला, आधी बाहेर समुद्राकडे लांबला, मग भरती आली तसा मागे वळला.

भात घेऊन आलेल्या लोकांना नंबर येईपर्यंत दुसरं काम नसतं. आधी एकजण दारात डोकावला, मग दोघे, मग बायका. डोंगरातल्या पाड्यावरून आलेली एक म्हातारी उंबऱ्यातच बसली. तिची बोली मला पुरती कळत नव्हती, पण तिने ढगाकडे बोट करून काहीतरी विचारलं. आईंनी समजावलं, की हा खाडीतला चिखल, आता पाणी आत येतंय, तर तोही आत येतोय. म्हातारीने मान डोलावली आणि मुलीला मांडीवर घेतलं. आईंनी त्या दिवशी भरती-ओहोटी इतक्यांदा समजावली, की दुपारपर्यंत त्या माझ्याकडे न बघताच "आता ओहोटी लागंल" असं सांगू लागल्या.

एक माणूस म्हणाला, "मामा, तुमच्या गिरनीत आता समुद्र पन भरडतात काय?"

मामा हसले नाहीत. त्यांचं सगळं लक्ष डिझेलच्या टाकीवर होतं.

दुपारी त्यांनी आधी भरडणीच्या मोटरा बंद केल्या, दोन कॅन हाताशी ठेवले आणि मला दारातून विचारलं, "थांबवू का गो?" मी हो म्हटलं. धडधड थांबली. इतक्या आवाजानंतरच्या शांततेत यूपीएसचं पीं पीं सगळ्या गिरणीला ऐकू गेलं. ढग पडद्यावर सरकतच होता. बाहेर डिझेल ओतल्याचा आवाज आला, मग हँडल फिरवल्याचा. जनरेटर एकदा खोकला आणि गप्प झाला. पुन्हा हँडल. पुन्हा खोकला. पीं पीं जरा जलद झालं. उंबऱ्यातली म्हातारी उठून उभी राहिली. आईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, त्यांच्या हाताला कोंडा लागलेला होता. तिसऱ्यांदा जनरेटरने धरलं. यूपीएस गप्प झाला आणि गिरणीतले सगळेजण एकदमच बोलायला लागले.

पुढे काही अडलं नाही. उन्हं उतरायच्या सुमारास पडद्यावर शेवटची ओहोटी आली आणि मॉडेल आपोआप थांबलं. मी निकालाच्या दोन सीडी काढल्या, एक माझ्या पर्समध्ये आणि एक आईंच्या पिशवीत. मामींनी तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं केलं होतं. भूक लागली होती हे मला पानावर बसल्यावर कळलं.

मामांकडे आम्ही आणखी तीन दिवस राहिलो, कारण एकच पंधरवडा चालवून भागणार नव्हतं. ड्रेजर दिवसभर चालवला तर काय, फक्त ओहोटीला चालवला तर काय, हे वेगवेगळं बघायचं होतं. दिवसभर चालवला तर भरतीबरोबर गाळ थेट तिसऱ्यांच्या पट्ट्यावर जात होता, उधाणाला तर भरपूर. फक्त ओहोटीला चालवल्यावर बराच फरक पडला, पण पूर्ण नाही. हे मला कोड्यासारखं वाटलं. बाहेर जाणारं पाणी गाळ बाहेर नेतं, मग पट्ट्यावर येतो तो कुठला? तासातासाची चित्रं पुढे-मागे करून बघितल्यावर कळलं. ओहोटी संपत आली की पाणी मंदावतं. त्या शेवटच्या वेळात उपसलेला गाळ लांब जातच नाही. तो तोंडाशीच घुटमळतो आणि लागलीच उलटणारी भरती त्याला उचलून आत आणते. म्हणून शेवटच्या दिवशी मी मॉडेलमधला ड्रेजर ओहोटी संपायच्या बराच आधी थांबवला. मग पट्ट्यावर येणारा गाळ इतका कमी झाला, की एरवी पावसाळ्यात नदी तिथे जेवढा आणते त्याच्या पासंगालाही पुरला नसता.

आईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "मंग असंच सांग त्यांना. कामावरनं लवकर उठा म्हनावं."

अहवालात मी तेच लिहिलं, जरा वेगळ्या शब्दांत. कंत्राटदाराने कुरकुर केली, कारण ड्रेजर उभा ठेवणं त्याला परवडत नव्हतं. पण तिसऱ्या वेचणाऱ्या बायकांना ते पटलं आणि त्यांनीच आग्रह धरला. होळीच्या सुमारास काम सुरू झालं. पाण्याचे नमुने घेऊन मॉडेलशी ताडून बघायचे होते, म्हणून साहेबांनी मला तिकडे बोलावलं. मुलगी अजून अंगावर पीत होती, तिला सोडून जाणं शक्य नव्हतं. आई म्हणाल्या, मी येते. त्यांनी पिशवीत घरचे पोहे भरून घेतले, तिथे कुणाला तरी द्यायला होतील म्हणून.

खाडीवर मी होडीत बसून ड्रेजरच्या खालच्या अंगाला गेले. पाण्याचा तपकिरी पट्टा समोर होता, दोन्हीकडे हिरवट पाणी आणि मध्ये हा, जवळजवळ माझ्या पडद्यावरच्यासारखा समुद्राकडे लांबत गेलेला. जवळजवळच. उत्तरेकडून वारा होता आणि त्याने पट्टा मी काढला होता त्यापेक्षा दक्षिणेला ढकलला होता. वाऱ्याचा आकडा मी कमी धरला होता, तो नंतर दुरुस्त केला. पण पट्टा बाहेर चालला होता, आत नाही. बाटल्यांत पाणी भरता भरता मला मनातून फार बरं वाटत होतं. इतकी वर्षं मी फक्त आकड्यांमधला गाळ बघत आले होते. हा हात घालून बघता येत होता, आणि मी हात घातला.

पाणी पुरतं ओसरायच्या बरंच आधी ड्रेजरचा आवाज थांबला. मी काठावर परतले, तेव्हा ओहोटीने तिसऱ्यांचा पट्टा उघडा पडत चालला होता आणि बायका टोपल्या घेऊन आत उतरत होत्या. आई कासोटा वर खोचून गुडघाभर चिखलात त्यांच्यात उभ्या होत्या. मुलगी काठावर एका कोळीणबाईच्या मांडीवर. आईंना एक बाई चिखलात बोटं कशी फिरवायची ते दाखवत होती. आईंच्या हाताला एक तिसरी लागली, त्यांनी ती धुऊन निरखून बघितली आणि तिच्या टोपलीत टाकली.

"तुमचीच सून का ती, टाइम सांगणारी?" त्या बाईने विचारलं.

"माझीच," आई म्हणाल्या आणि पुन्हा खाली वाकल्या.

संध्याकाळी आम्ही निघालो, तेव्हा पोह्यांच्या पिशवीत तिसऱ्या आणि वर सुक्या बोंबलांची जुडी होती. एस.टी.त खिडकीशी आई, मध्ये मुलगी, कडेला मी. पिशवीचा वास सगळ्या गाडीत भरला होता. कंडक्टरने एकदा वळून बघितलं. आई मला कोळणींकडून शिकून आलेलं कालवण सांगत होत्या, त्यात कोकम कधी घालायचं ते, आणि मधूनच विचारत होत्या की पुढचं काम आता कुठल्या खाडीचं.